नऊ ड्यूकांची जमीन

धाकटी शेहेचाळीस वर्षांची होती. कानशिलांवरचे केस पिकले होते, दोन्ही मुली कामाला लागल्या होत्या, जिना चढताना गुडघा कुरकुरत होता. तरी नकाशांच्या कारखान्यात ती धाकटीच. सव्वीस वर्षांपूर्वी ती रंगखात्यात आली तेव्हा तिथे आधीच एक बाई होती. एका खोलीत दोघी म्हटल्यावर एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणायचे, एवढी अक्कल कोणालाही चालवता येते. मागून आलेले पंचविशीतले लोकही तिला ‘धाकट्या बाई’ म्हणत. धाकटी आणि वर बाई! तिला हसू यायचे, कधी रागही यायचा. पण नाव एकदा चिकटले की खरवडून निघत नाही.

कारखाना म्हणजे तीन मजल्यांची अरुंद इमारत. खाली छपाई, मधे कचेरी, वर रंगखाते. शाळांच्या भिंतींवर टांगायचे मोठे नकाशे इथे तयार होत. रेखाकार हद्दी, नद्या, डोंगर आखून कच्चा नकाशा द्यायचा आणि रंगखात्याने त्यावर हाताने रंग भरून नमुना करायचा. खालची मंडळी तो समोर ठेवून छापत. ऐकायला सोपे वाटते. करून बघा. फळी किंचित तिरकी धरायची, ब्रश रंगाने भरून घ्यायचा, ओल्या रंगाचा थेंब कडेला जिवंत ठेवत वरून खाली यायचे आणि मागे वळून बघायचे नाही. मागे गेलात की डाग पडलाच. धाकटीच्या हातून सव्वीस वर्षांत किती देश रंगले असतील त्याची गणती नाही, आणि डाग पडलेले देश तिला अजून एकेक आठवत होते.

या कामाला लागतो उजेड. आणि तिथेच घोडे अडले होते.

रंगखात्यात धड खिडकी एकच. तिच्याशी काटकोनात एक लांबरुंद टेबल, गुळगुळीत, कडेला रंगांचे ओघळ वाळलेले. ते मुख्य रंगकाराचे टेबल. थोरली तिथे बसे, खिडकी डाव्या हाताला घेऊन, म्हणजे उजव्या हाताची सावली कागदावर पडत नाही. धाकटीचे टेबल गच्चीच्या जिन्याखाली होते, वर एक बल्ब. बल्बच्या उजेडात पिवळा रंग कागदावर दिसतच नाही, हे ज्याने भोगले आहे त्यालाच माहीत. म्हणून पिवळा भरला की ओला कागद दोन्ही हातांवर तोलत तिने खिडकीपाशी जायचे, थोरलीच्या पाठीमागे उभे राहून बघायचे आणि परत यायचे. रोज, दिवसातून दहा वेळा, सव्वीस वर्षे. तेवढ्या चालीत ती चालत परदेशात पोचली असती.

‘थोरली निवृत्त होईल, मी मुख्य होईन आणि ते टेबल माझं होईल.’ धाकटीने आयुष्यात मोठी स्वप्ने पाहिली नव्हती. हे एवढे एकच पाहिले होते.

मागच्या वर्षी थोरली निवृत्त झाली. मालकांनी भाषण केले, भिंतीवरचे घड्याळ भेट दिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीच्या हातात ‘मुख्य रंगकार’ असे छापलेले पत्र पडले. सोमवारी ती नवी साडी नेसून, आपले ब्रश नव्या फडक्यात गुंडाळून नऊच्या ठोक्याला वर आली. खिडकीत थोरली बसलेली!

“घड्याळ दिलंत ना तुम्ही,” थोरली म्हणाली, “म्हणून वेळेवर आले.”

आता हिला जा कोण म्हणणार? मालक लहानपणी शाळा सुटल्यावर याच टेबलाखाली बसून उरल्यासुरल्या रंगांनी रेघोट्या ओढत. त्यांना थोरलीपुढे अजून कंठ फुटत नसे. “येतायत, येऊ देत काही दिवस,” ते जिन्यात पुटपुटले आणि खाली सटकले. काही दिवसांचे वर्ष झाले. थोरली रोज यायची, एखादा समुद्र रंगवायची, जुन्या नकाशांवरची धूळ झटकायची. आणि वर धाकटीची परीक्षा घ्यायची! मधूनच रंगाची बशी उचलून धरायची, “धाकटे, सांग पाहू, हा कोणता रंग?” धाकटी जिन्याखालून ओरडायची, “हिरवा!” शेहेचाळीस वर्षांच्या बाईला बालवाडीतले प्रश्न. तिच्या नाकाला मिरच्या झोंबत, पण उत्तर देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

घरी नवऱ्याला विषयच मिळाला होता. तो कुलपे दुरुस्त करायचा आणि बायकोचे कुलूप कोणत्या किल्लीने उघडते ते त्याला बरोबर ठाऊक होते.

“या मुख्यबाई,” तो दार उघडून म्हणायचा. “मिळालं टेबल?”

“गप्प बसा.”

“म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पत्र फ्रेम करून जिन्याखाली लाव म्हणजे झालं.”

ती हसायची आणि मग भांडी जरा जोरात आपटायची.

अशात प्राध्यापकांचा नकाशा आला. हे इतिहासाचे प्राध्यापक, अंगाने काडी, आवाजाने नगारा. त्यांना इंग्लंडातल्या ड्यूकांचा, म्हणजे राजाच्या खालोखाल मान असलेल्या सरदारांचा, नकाशा हवा होता. हा पसंत पडला तर पुढचे अठ्ठेचाळीस नकाशे याच कारखान्यात करायचे, असे ते म्हणून गेले. मालक दोन पायऱ्या एकदम चढून वर आले. “धाकट्या बाई, एवढा नकाशा झकास करा. मग मी स्वतः थोरल्या बाईंशी टेबलाचं बोलतो. शब्द दिला.”

धाकटीला आणखी काय हवे होते? तिने बाह्या सरसावल्या.

प्राध्यापकांच्या कागदावर दोन मथळे होते. पहिला ‘डची’, त्याखाली दोन नावे, कॉर्नवॉल आणि लँकेस्टर. त्यांच्या हद्दी कच्च्या नकाशावर ठिपक्यांनी आखलेल्या होत्या. दुसरा मथळा ‘ड्यूकडम’, त्याखाली नऊ नावे. नकाशावर या नऊ जणांसाठी नुसती नऊ टिंबे. हद्द नाही, कुंपण नाही, काही नाही.

रंगखात्याचा एक नियम थोरलीच्याही आधीपासून चालत आला होता, आधी चौकोन, मग मुलूख. यादीत जेवढी नावे तेवढे चौकोन नकाशाच्या कोपऱ्यात आखायचे, प्रत्येकात वेगळा रंग भरायचा, आणि तो रंग नकाशावर कुठे ना कुठे दिसलाच पाहिजे. संध्याकाळी चौकोन मोजायचे, मुलूख मोजायचे. मेळ बसला नाही तर कागद जिना उतरणार नाही. धाकटीने अकरा चौकोन आखले, अकरा रंग भरले आणि मुलूख मोजले. दोन.

डची काय आणि ड्यूकडम काय, दोन्ही ड्यूकाचाच मुलूख, एकाच माणसाला कोणी काका म्हणतो, कोणी चुलता, असे ती धरून चालली. रेखाकार रजेवर होता. घाईत नऊ हद्दी आखायच्या विसरला असणार मेला. तिने कामाची चिठ्ठी उलटून पाहिली. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी असते तेच छापलेले होते, ‘शंका आल्यास मुख्य रंगकारास विचारावे.’

मुख्य रंगकार तर तीच! तिने आपली शंका स्वतःला विचारली. उत्तर आले नाही. आठ पावलांवर थोरली बसली होती, चाळीस वर्षांचा अनुभव गाठीला बांधून. एक शब्द टाकला असता तर काम झाले असते. पण ‘मुख्य झाली आणि पहिल्याच मोठ्या कामात विचारायला आली,’ हे वाक्य थोरली बोलली नसती तरी धाकटीला ऐकू आले असते. प्राध्यापकांना फोन करायचा, तर फोन कचेरीत, मालकांच्या कानापाशी. नकोच ते.

मग तिने काय करावे? तिने नऊ ड्यूकांना जमिनी दिल्या.

आणि त्याही कशा, सढळ हाताने. एकेक टिंब घेतले आणि त्याला जवळच्या नदीपर्यंत, नाहीतर डोंगरापर्यंत मुलूख आखून दिला. एका ड्यूकाचा तुकडा फारच चिंचोळा झाला म्हणून त्याला समुद्रकिनारा जोडला. दोघांची हद्द एकमेकांना लागत होती तिथे मधे जंगल ठेवले, उगाच भांडणे नकोत. चार दिवस ती हे करत होती आणि चार दिवस तिच्या अंगात आनंद मावत नव्हता. रंग असे बसले की एक डाग नाही, एक ओघळ नाही. फिका जांभळा तर असा उतरला की पिवळ्यासाठी खिडकीकडे जाताना तिने तो मुद्दाम थोरलीसमोरून फिरवला. थोरलीने मान वर केली, कागदाकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. जळतेय, धाकटीला वाटले. जळू दे.

शुक्रवारी प्राध्यापक आले. मालक मागे हात चोळत उभे. धाकटीने कागदावरचे फडके काढले. प्राध्यापकांनी चष्मा सारखा केला, वाकले, आणखी वाकले, आणि मग जे हसत सुटले ते थांबेनात. खालच्या मजल्यावरची यंत्रे थांबवून माणसे वर बघायला आली.

“बाई,” ते डोळे पुसत म्हणाले, “काय केलंत हे? चारशे-पाचशे वर्षांत कुठल्या राजाला जमलं नाही ते तुम्ही चार दिवसांत केलंत. नऊही जणांना मुलूख वाटून टाकलात!”

“यादीत होते ना,” धाकटीने यादी पुढे केली.

“होते, पण कुठल्या मथळ्याखाली? हे बघा. डची म्हणजे जमीन. खराखुरा मुलूख, ज्यावर पाय ठेवता येतो. ड्यूकडम म्हणजे ड्यूकाचा मान, त्याचं पद, बापाकडून मुलाकडे जाणारं. फार जुन्या काळी मान आणि मुलूख हातात हात घालून चालायचे, त्यामुळे आजही लोक एकासाठी दुसरा शब्द वापरतात. पण इंग्लंडात डची दोनच. बाकीच्यांना राजानं म्हटलं, जा, आजपासून तू ड्यूक. झालं. घरदार, शेतीवाडी त्यांची असेल भरपूर, पण ती त्यांची स्वतःची. ड्यूक म्हणून हातात मुलूख काही नाही. नाव एका प्रांताचं आणि राहायचं दुसऱ्याच प्रांतात, असेही महाभाग आहेत त्यांच्यात.”

“म्हणजे मान आहे,” धाकटी हळूहळू म्हणाली, “आणि पायाखाली जमीन नाही.”

“अगदी बरोबर!”

“मग ते मला सांगायला कशाला हवं?” ती एकदम उसळली. “मी वर्षभर तेच आहे की! मुख्य रंगकार, मुक्काम जिन्याखाली. ड्यूकडम माझ्या पिशवीत आहे, घडी करून ठेवलेलं. आणि डची ती बघा, खिडकीत बसलीय!”

बोलून गेली आणि तिची तिलाच धडकी भरली. मालक छताकडे बघू लागले. प्राध्यापकांना काही कळेना, पण आपण कोणाच्या तरी घरगुती भानगडीत पाय टाकलाय एवढे कळले, आणि नवा नमुना सोमवारपर्यंत द्या म्हणून ते घाईने निघाले. थोरली मात्र शांतपणे उठली. आपले ब्रश फडक्यात गुंडाळले, पाण्याचे भांडे मोरीत ओतले.

“केली हो जागा मोकळी, ड्यूकीणबाई,” ती म्हणाली, आणि कठड्याला धरून, पायाने एकेक पायरी चाचपत खाली उतरून गेली.

टेबल मिळाले. सव्वीस वर्षांनी धाकटी त्या खुर्चीत बसली. खिडकीतून चांगला भरघोस उजेड येत होता, पण डाव्या बाजूने. धाकटी डावखुरी. ब्रश उचलला तशी हाताची सावली कागदावर आडवी पडली. एवढ्या वर्षांत हे तिच्या डोक्यातच आले नव्हते! दुसऱ्याच्या ताटातले बघताना आपल्या हाताचा विचार कोण करतो? ती स्वतःशीच चरफडली आणि ब्रश ठेवायला खण उघडला.

खणात थोरलीच्या बशा होत्या. प्रत्येक बशीवर कागदाचा तुकडा चिकटवलेला, त्यावर बोटाएवढ्या जाड अक्षरात लिहिलेले, ‘हिरवा’, ‘निळा’, ‘तांबडा’. धाकटी बघतच राहिली. रंगाची बशी बघून रंग कळत नाही, त्यावर नाव लिहावे लागते? खाली रंग तपासायचा कागद होता. ‘हिरवा’ लिहिलेल्या रेघेखाली स्वच्छ निळा पट्टा ओढलेला. त्याखाली थरथरत्या अक्षरात तारीख, आणि ‘धाकटीला विचारणे’.

सांग पाहू, हा कोणता रंग?

धाकटीने खण लावला. वर्षभर परीक्षा म्हणून तिने जी उत्तरे फेकली होती, ती एक बाई मुकाट्याने चिठ्ठ्यांवर लिहून घेत होती. जांभळा मुद्दाम समोरून फिरवल्याचे आठवले आणि तिला आपल्या तोंडात मारून घ्यावेसे वाटले. थोरली जळत नव्हती. तिला दिसतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थोरलीच्या घरी गेली. मागच्या अंगाची एकच खोली, खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. सकाळचे दहा वाजले होते आणि दिवा लागलेला होता. भेटीचे घड्याळ दारासमोर टांगले होते.

“टेबल दिलं ना?” थोरली दारातूनच म्हणाली. “आता काय राहिलं?”

“शंका आहे एक.”

“चिठ्ठीवर काय लिहिलंय? मुख्यांना विचारा.”

“विचारलं,” धाकटी म्हणाली. “बाईला काही येत नाही हो. नुसतं नावाला मुख्य.”

थोरलीला आधी हसायचे नव्हते. मग तिचे ओठ हलले, मग खांदे, आणि दोघी उंबऱ्यात उभ्या राहून इतक्या हसल्या की शेजारणीने दार किलकिले करून पाहिले. हसता हसता धाकटीला रडू आले ते तिने पदराने पुसले. चहाचे पाणी चढवताना, पाठ करूनच, थोरली बोलली.

“डोळ्यांचा पडदा झिजलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. कडा दिसतात, रंग विटलेले दिसतात. इथे तर दिवसासुद्धा अंधार. तिथे खिडकीत बसलं की निदान रंग ओला आहे की सुकलाय एवढं चमकतं. टेबल कोणाला हवं होतं गं? मला उजेड हवा होता.”

“मग सांगायचं नाही का?”

“कोणाला? ज्या बाईला मी सव्वीस वर्षं डागांवरून बोलले, तिला सांगू, मला डाग दिसत नाही?”

धाकटीने कप घेतला आणि नऊ ड्यूकांचे गाऱ्हाणे सांगितले. थोरलीला अर्धा घोटही लागला नाही. “जमीन नाही त्याला रंग नाही. टिंबाभोवती बारीक कडं काढ, ज्याच्या त्याच्या रंगाचं. आणि कोपऱ्यातही त्याला चौकोन द्यायचा नाही, कडंच द्यायचं. मान दिसला, जमीन दिसली नाही. झालं.”

“आणि नियम? आधी चौकोन, मग मुलूख?”

“नियम काय आकाशातून पडला? त्या टेबलाशी बसणाऱ्यांनी केला, बसणाऱ्यांनी बदलायचा. तू मुख्य आहेस ना?”

त्याच दुपारी धाकटीने नवऱ्याला आणि मालकांना कामाला लावले. खिडकीच्या टेबलापलीकडे जुन्या नकाशांचे अवजड कपाट होते, ते दोघांनी घाम गाळत सरकवले. तिथे दुसरी खुर्ची आली. समोरासमोर बसले की थोरलीला खिडकी डावीकडे, धाकटीला उजवीकडे. उजव्या हाताने रंगवणाऱ्या बाईला हवी तिथे आणि डावखुऱ्या बाईला हवी तिथे, एकाच खिडकीने दोघींची सोय केली. इतकी वर्षे त्या जागेवर कपाट उभे होते आणि कोणाच्या डोक्यात आले नव्हते. “अक्कल कपाटात ठेवली होती,” नवरा म्हणाला. मालक खूश झाले, कारण त्यांना कोणाशीच काही बोलावे लागले नाही.

सोमवारी नवा नमुना गेला. दोन डची रंगीत, नऊ ड्यूक आपापल्या कड्यात. प्राध्यापकांनी तो पसंत केला आणि जाताना पहिला, चुकीचा नकाशाही मागून घेतला. आता तो त्यांच्या वर्गात लागलाय म्हणतात. बिचाऱ्या नऊ जणांना कुठेतरी जमीन मिळाली.

अठ्ठेचाळीसपैकी सहावा नकाशा चालू असताना एका सकाळी थोरलीने, न पुसता न सांगता, बशांवरच्या चिठ्ठ्या ओल्या करून काढून टाकल्या. मग रंग कालवले आणि दोन बशा समोर धरल्या.

“मुख्यबाई,” ती म्हणाली, “यातला हिरवा कोणता?”

नवऱ्याच्या तोंडून हा शब्द धाकटीने हजारदा ऐकला होता. या तोंडून पहिल्यांदाच. तिने बशांकडे पाहिले. दोन्ही निळ्या होत्या.

“उजवीकडची,” धाकटी म्हणाली. “आणा, जरा दाट आहे, सारखा करून देते.” तिने बशी घेतली, पिवळ्यात ब्रश बुडवला आणि निळा हिरवा होईपर्यंत सावकाश ढवळला. मग बशी थोरलीच्या हाताशी ठेवली, आणि दोघी कामाला लागल्या.